शस्त्राचा व्यापार आणि श्रावकाचे व्रत

भारतातला पहिला विमान कारखाना एका सोलापूरकर जैन गृहस्थाच्या पुढाकाराने उभा राहिला. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातल्या वांकानेरचे, पंथाने दिगंबर जैन, धंदा सावकारीचा आणि कापसाचा. २३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरला त्यांची 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' ही कंपनी नोंदली गेली. दुसरे महायुद्ध सुरू होऊन सव्वा वर्ष झाले होते आणि कारखाना कशासाठी हवा आहे याबद्दल कोणाच्याही मनात शंका नव्हती. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपून चालणाऱ्या समाजातला माणूस लढाऊ विमानांच्या उद्योगात उतरतो, तेव्हा त्याच्या धर्माला हे चालते का, चालत असेल तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न टाळता येत नाही. आज हाच प्रश्न संरक्षण-सामग्रीच्या विक्रीत नोकरी करणाऱ्या, सकाळी देवपूजा करून विमानतळावर जाणाऱ्या आणि संध्याकाळी मुलांचा अभ्यास फोनवरून विचारणाऱ्या अनेक कुटुंबवत्सल माणसांचाही आहे.

वालचंद यांच्या बाबतीत धर्म घरी ठाऊक नव्हता असे म्हणायला जागाच नाही. वडील हिराचंद नेमचंद हे जैन समाजातले मोठे सुधारक. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरातून 'जैन बोधक' हे नियतकालिक सुरू केले आणि श्रावकाचा आचार, शिक्षण, रूढी यांवर मराठीतून चर्चा घडवली. याच शहरात पुढे जीवराज गौतमचंद दोशी यांनी जैन संस्कृति संरक्षक संघ स्थापन केला. संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेत आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली प्राकृत-संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध झाले. गिरण्यांचे आणि चादरींचे शहर म्हणून ओळखले जाणारे सोलापूर जैन आचारशास्त्राच्या अभ्यासाचेही मोठे केंद्र होते. प्रश्नाचे उत्तर शोधायला लागणारे ग्रंथ दोशींच्याच शहरातून प्रसिद्ध होत होते.

या ग्रंथांतली पहिली गोष्ट म्हणजे मुनी आणि गृहस्थ यांच्यातला भेद. मुनीची व्रते महाव्रते, त्यांत सवलत नाही. गृहस्थाची, म्हणजे श्रावकाची, अणुव्रते. तीच व्रते, पण संसार चालेल इतक्या बेताने घेतलेली. गृहस्थाला चूल पेटवावी लागते, शेत नांगरावे लागते, घराचे रक्षण करावे लागते आणि या प्रत्येकात जीवहत्या होते. म्हणून हिंसेचे चार प्रकार सांगितले जातात. ठरवून, मारण्याच्याच हेतूने केलेली ती संकल्पी. स्वयंपाक, झाडलोट, बांधकाम यांत घडणारी आरंभी. शेती-व्यापारात घडणारी उद्योगी. चालून आलेल्याला अडवताना घडणारी विरोधी. श्रावकाने पहिली पूर्णपणे सोडायची असते. उरलेल्या तिन्हींत दक्षता बाळगायची आणि त्या कमी करत जायच्या. युद्धसामग्रीचा कारखाना उद्योगी आणि विरोधी या दोन प्रकारांच्या सीमेवर उभा राहतो.

जैन परंपरेने शस्त्राला कधी गृहस्थजीवनाबाहेर घालवले नाही, याचे अनेकांना नवल वाटेल. नवव्या शतकातल्या जिनसेनाचार्यांच्या 'आदिपुराणा'त पहिले तीर्थंकर ऋषभदेव लोकांना उपजीविकेची सहा कर्मे शिकवतात: असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. यादीची सुरुवातच तलवारीने होते. सोमदेवसूरींनी ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या 'यशस्तिलका'त राजाने शस्त्र कोणावर चालवावे हे नेमके सांगितले आहे. रणात शस्त्र घेऊन समोर आलेल्यावर किंवा देशाला काटा होऊन बसलेल्यावर चालवावे. दीनावर, दुबळ्यावर, चांगल्या हेतूच्या माणसावर चालवू नये. कृष्णकांत हंदिकी यांचा या ग्रंथावरचा गाजलेला अभ्यास १९४९ मध्ये सोलापूरच्याच जीवराज ग्रंथमालेने काढला. श्रवणबेळगोळची बाहुबलीची मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीस उभारणारा चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता. लढाया जिंकलेला हा माणूस, आणि त्याने घडवून घेतलेली मूर्ती आहे ती जिंकत आलेले युद्ध आणि राज्य दोन्ही सोडून तपाला उभ्या राहिलेल्याची. विरोधी हिंसा क्षम्य असली तरी ती शेवटचे स्थान नव्हे, ही जाणीव त्या सेनापतीला असावी.

एवढ्यावर थांबले तर विमान कारखान्याचा प्रश्न सुटल्यासारखा वाटेल. तसा तो सुटत नाही. राजा, सैनिक आणि विक्रेता यांच्यात फरक आहे. सैनिकाला समोरचा दिसतो, राजाला युद्धाचे कारण ठाऊक असते. विक्रेता वस्तू दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळा होतो आणि वापरावर त्याचा ताबा राहत नाही. श्रावकाचारांनी ही जागा बरोबर हेरली आहे. समंतभद्रांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त अनर्थदंडाचे, म्हणजे निष्कारण घडवून आणलेल्या पापाचे, पाच प्रकार आहेत. त्यांतला एक हिंसादान. कुऱ्हाड, तलवार, कुदळ, अग्नी, आयुधे, विष, बेड्या अशा वस्तू दुसऱ्याला देणे या सदरात येते. तलवारीशेजारी कुदळ आणि अग्नी ठेवणारी ही यादी बारकाईने वाचण्यासारखी आहे. कुदळीने विहीर खणली जाते आणि डोकेही फुटते. दोष वस्तूत बसलेला नाही; ती कशासाठी, कोणाला दिली यावर तो ठरतो.

तेराव्या शतकातल्या पंडित आशाधरांनी 'सागारधर्मामृता'त हीच गोष्ट व्यवहाराच्या पातळीवर आणली. विष-शस्त्रादी हिंसेची साधने देऊच नयेत आणि स्वयंपाकासाठी लागणारा अग्नीसुद्धा ज्याच्याशी आपला देण्याघेण्याचा, ओळखीचा संबंध नाही अशाला देऊ नये, असा त्यांचा दंडक आहे. विस्तव मागायला आलेला माणूस शेजारी आहे की गावाबाहेरून आलेला अनोळखी, हे पाहायचे. आजच्या शस्त्र-निर्यातीत खरेदीदार देशाकडून एंड यूजर सर्टिफिकेट घेतात. माल कोण वापरणार आणि तो तिसऱ्याला दिला जाणार नाही याची ती लेखी हमी असते. आशाधरांनी एका निखाऱ्यासाठीही तीच चौकशी सांगितली. श्वेतांबर परंपरा याहून कडक आहे. तिथे श्रावकाने टाळायच्या पंधरा धंद्यांची यादी आहे आणि हेमचंद्रांच्या 'योगशास्त्रा'त विषाच्या व्यापारातच शस्त्रांची विक्री मोडते. बौद्ध परंपरा सर्वांत स्पष्ट: अंगुत्तर निकायात उपासकाने न करायचे पाच व्यापार सांगितले आहेत आणि त्यांत शस्त्रांचा व्यापार पहिला. सोलापुरात तिन्ही परंपरांची माणसे शेजारी शेजारी राहतात. एकाच नोकरीबद्दल त्यांच्या धर्मग्रंथांची उत्तरे मात्र वेगळी येतात.

कुटुंबवत्सल माणसाचा नेहमीचा युक्तिवाद असतो: हे सारे घरासाठी. मुलांचे शिक्षण, आईवडिलांचे औषधपाणी, घराचे हप्ते. माणूस खोटे बोलत नसतो. त्याचा जीव खरोखरच घरात अडकलेला असतो. पण जैन विचार नेमका या ठिकाणी कठोर होतो. 'पुरुषार्थसिद्ध्युपाया'त अमृतचंद्राचार्यांनी हिंसेची व्याख्याच मनापासून सुरू केली. राग, म्हणजे आसक्ती, आणि तिच्याबरोबरचे विकार मनात उठणे हीच हिंसा. ते न उठणे ही अहिंसा. बाहेर कोणी मेले की नाही, हे नंतरचे. तत्त्वार्थसूत्रही प्रमादाने, बेसावध मनाने केलेल्या प्राणहरणाला हिंसा म्हणते. या कसोटीवर 'घरासाठी केले' हे समर्थन पुरत नाही, कारण घरावरची आसक्ती हीच तपासायची गोष्ट आहे. अमृतचंद्र आणखी एक पाऊल पुढे जातात. एकजण हिंसा करतो आणि तिचे फळ अनेकांच्या वाट्याला येते. कधी अनेकजण करतात आणि फळ एकाला भोगावे लागते. करणे, करवणे आणि अनुमोदन देणे हे तिन्ही कर्मच. कारखान्यातला कारागीर, सौदा जमवणारा अधिकारी, पगारावर जगणारे घर, कर भरणारा नागरिक या सगळ्यांची साखळी हजार वर्षांपूर्वीच्या या विचारात आधीच मांडलेली आहे.

याचा अर्थ कुटुंबप्रेम पाप आहे असा घेणे चुकीचे ठरेल. श्रावकाचारांनी गृहस्थाश्रम नाकारलेला नाही. त्यांनी त्याला परिग्रह-परिमाणाचे व्रत दिले: किती धन, किती जमीन, किती दागिने पुरे, हे आधीच ठरवायचे आणि तिथे थांबायचे. मुलासाठी मिळवणाऱ्या बापाने 'पुरे'चा आकडा ठरवला असेल तर तो सौदा नाकारू शकतो. ठरवला नसेल तर प्रत्येक सौदा मुलांच्याच नावावर खपतो.

आता वालचंद यांच्याकडे परत येऊ. शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी लक्ष्मण बळवंत फाटक या माजी रेल्वे कारकुनाबरोबर भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून ठेकेदारीला आरंभ केला. पुढे भोर घाटातले बोगदे, १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही जहाज कंपनी, साखर कारखाने, १९४१ मध्ये विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी, मोटारींचा कारखाना. गुलाबचंद, रतनचंद, लालचंद हे भाऊ एकेका उद्योगात उभे राहिले आणि व्यवसाय एकत्र कुटुंबाचा राहिला. १९३९ साली एका विमानप्रवासात विल्यम पॉली हा अमेरिकन त्यांना भेटला. चीनला विमाने विकणारा आणि तिथे ती जोडून देणारा हा माणूस. वर्षभरात कंपनी नोंदली गेली, १९४१ मध्ये भारत सरकार भागीदार झाले आणि त्याच वर्षी हार्लो हे विमान बंगळुरात उडाले. ते लढाऊ नव्हते. संपूर्ण धातूचे, दोन आसने एकामागे एक असलेले, नव्या वैमानिकाला शिकवायचे साधन होते. सुटे भाग अमेरिकेतून आणून इथे जोडलेले. पण त्यावर शिकलेला वैमानिक पुढे कुठे जाणार हे उघड होते आणि कारखान्यात त्यामागोमाग लढाऊ आणि बाँबफेकी विमानांचे काम यायचे होते.

या उद्योगाच्या नैतिक बाजूचा सर्वांत अवघड भाग खरेदीदाराचा आहे. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा भावे यांनी पवनारला वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला; ब्रिटिशांच्या युद्धाला माणसे किंवा पैसा देणे चुकीचे, असे उघडपणे सांगणारा तो सत्याग्रह होता. कंपनीची नोंदणी त्यानंतर दोन महिन्यांनी झाली. खरेदीदार तेच सरकार होते ज्याने मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिले. आशाधरांची 'ओळखीच्यालाच विस्तव' ही अट इथे लावली तर उत्तर सोपे नाही. दुसऱ्या बाजूला जपान पूर्वेकडून येत होता. डिसेंबर १९४१ नंतर ते संकट काल्पनिक उरले नाही. आणि परक्या सत्तेखालच्या देशाला स्वतःचा विमान कारखाना असावा, ही गोष्ट वालचंदांच्या जहाज-उद्योगाइतकीच राष्ट्रीय होती. एप्रिल १९४२ मध्ये सरकारने खासगी भागीदारांचे भाग विकत घेतले आणि कारखाना वालचंदांच्या हातून गेला. १९६४ मध्ये त्याचीच हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली.

सर्व बाजू तोलल्यावर असे म्हणता येते की देशाच्या रक्षणासाठी विमान बांधणे श्रावकाच्या अणुव्रतात बसते. सोमदेवांचा आणि आदिपुराणाचा आधार त्याला आहे. परक्या साम्राज्याच्या युद्धासाठी ते बांधणे तेवढे सहज बसत नाही. वालचंदांच्या उद्योगात दोन्ही हेतू मिसळलेले होते, शिवाय मोठा उद्योजक होण्याची उघड महत्त्वाकांक्षाही होती. त्यांना निर्दोष ठरवणे किंवा दोषी ठरवणे, दोन्ही घाईचे आहे. ८ एप्रिल १९५३ रोजी ते गेले, तेव्हा स्वतंत्र देशाच्या हाती तो कारखाना होता, ही जमेची बाजू मात्र ठोस आहे.

सोलापूरच्या मातीत या प्रश्नाकडे पाहण्याची आणखी एक रीत आहे. बाराव्या शतकात बसवेश्वर मंगळवेढ्यात बिज्जल राजाच्या कारभारात होते आणि शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात तलाव खोदवला. शरणांच्या, म्हणजे बसवेश्वरांच्या मार्गावरच्या भक्तांच्या, विचारात कायक, म्हणजे श्रम, हीच पूजा. पण कायकाबरोबर दासोह येतो. मिळवलेले समाजाला परत द्यायचे. काम कोणतेही असले तरी पूजा, असा त्याचा सोयीस्कर अर्थ आज काढला जातो. शरणांना कायक निर्मळ हवे होते, फसवून मिळवलेला पैसा दासोहाला चालत नव्हता. माढा तालुक्यातल्या अरणच्या सावता माळ्यांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला, तेव्हाही मळा पिकवणारा होता. शस्त्र-विक्रीला पूजा म्हणण्यापूर्वी तिचे पीक काय येते, हे पाहावेच लागते.

आजच्या काळात हा प्रश्न सोलापूरपासून फार दूर गेलेला नाही. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रे बनवणारा उद्योग अग्निबाणांच्या मोटरची आवरणेही बनवतो. उपग्रह सोडणाऱ्या पीएसएलव्हीसाठी लागणारे, मारेजिंग पोलादाच्या पत्र्याचे, जवळपास तीन मीटर रुंद नळकांडे तिथे वळवले आणि सांधले जाते. वेल्डिंगचा प्रत्येक सांधा तपासतात आणि मग त्यात दाब भरून ते टिकते का पाहतात. याच कौशल्यातून क्षेपणास्त्राचे आवरणही तयार होते. सांधा जोडणारा कारागीर तोच, कसब तेच, वस्तू वर गेल्यावर काय करणार एवढाच फरक. समंतभद्रांच्या यादीतल्या कुदळीचे हे आजचे रूप.

विक्रीचा भाग यापेक्षा नाजूक आहे. २०२४-२५ मध्ये भारताची संरक्षण-निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली. २०२२ मध्ये ब्रह्मोस क्षेपणास्त्रांचा करार फिलिपीन्सशी झाला. या व्यवहारात विक्रेत्याचे काम बोलण्याचे असते. निविदा वाचायची, चाचण्यांत यंत्र उभे करायचे, मागणीतल्या एकेका अटीसमोर 'पूर्ण होते' असे लिहायचे. इथे अहिंसेपेक्षा सत्याणुव्रत आधी कसाला लागते. इक्वाडोरला दिलेल्या सात ध्रुव हेलिकॉप्टरांपैकी चार कोसळली आणि २०१५ मध्ये तो करार रद्द झाला. दोष कोणाचा यावर दोन्ही बाजूंची मते वेगळी होती; तरी विकलेल्या यंत्राची देखभाल आणि सुटे भाग यांबद्दल दिलेल्या शब्दावर परक्या देशातल्या वैमानिकाचा जीव टांगलेला असतो, एवढे त्यातून निर्विवाद दिसते. उलट टोकाला बॅसिल झाहारॉफ हा शस्त्र-विक्रेता. नॉर्डेनफेल्ट कंपनीची पाणबुडी त्याने आधी ग्रीसला विकली आणि मग तिची भीती दाखवून तुर्कस्तानला दोन विकल्या. भीती निर्माण करून तिच्यावर उपाय विकणे याला कोणताही श्रावकाचार उद्योगी हिंसा म्हणणार नाही. ती संकल्पी हिंसाच.

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत नावाचे एक व्रत आहे, ज्याची आठवण आज फारशी काढली जात नाही. दाही दिशांना आपण कुठवर जाऊ, कुठवर व्यवहार करू, याची सीमा नदी, डोंगर, गाव यांच्या खुणांनी आखून घ्यायची. त्या सीमेपलीकडे श्रावकाचे अणुव्रत महाव्रतासारखे पूर्ण होते, कारण तिथे तो काहीच करत नाही. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत: वर, खाली आणि आडव्या दिशेने मर्यादा ओलांडणे, क्षेत्र वाढवून घेणे, आणि ठरवलेली मर्यादा विसरून जाणे. निर्यातीच्या धंद्यात विसरण्याचा अतिचार सर्वांत सहज घडतो. पहिल्या वर्षी फक्त आपल्या सैन्याला, मग मित्रदेशाला, मग मित्राच्या मित्राला. प्रत्येक पायरी लहान असते.

कायदा या बाबतीत गृहस्थाचे काम पूर्ण करत नाही. भारतात युद्धसामग्रीची निर्यात 'स्कोमेट' या नियंत्रित वस्तूंच्या यादीखाली परवान्याने होते आणि तो परवाना संरक्षण उत्पादन विभाग देतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २ एप्रिल २०१३ रोजी शस्त्र-व्यापार करार संमत केला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. माल कोणत्या सरकारला जावा हे सरकार ठरवते, विक्रेत्याची स्वतःची मर्यादा मात्र नाही. या धंद्यातल्या माणसाने आपली दिशांची, धनाची आणि खरेदीदाराची मर्यादा नोकरी धरतानाच ठरवावी, श्रावक व्रत घेतो तशी ती कोणासमोर तरी उच्चारावी, आणि तो कोणीतरी शक्यतो घरातला असावा. कारण मर्यादा पाळताना उत्पन्न घटले तर ते सोसायचे आहे त्याच घराला.